घरी कोणी आलं नव्हतं

नोकरीत हाताखालून गेलेले बहुतेक गुन्हे आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. कोणता चोर कोणत्या ठाण्याच्या हद्दीत धरला, हेही नीट सांगता येणार नाही. मुलुंडच्या एका पाटलीची गोष्ट मात्र जशीच्या तशी लक्षात आहे, आणि ती आठवली की माझा तो दिवस तिथेच जातो. त्यातली माणसं हयात आहेत, म्हणून कुणाचं नाव लिहीत नाही.

आधी माझ्या कामाविषयी थोडं सांगतो, कारण पोलीस म्हटलं की लोकांना काठी आणि शिट्टीच दिसते. मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी शिकलो. वडील बाजार समितीत हमाली करायचे. घरात पदवी घेणारा मी पहिला. संख्याशास्त्र हा विषय घेतला, कारण त्याच वर्गात जागा शिल्लक होती. पण शिकवणारे सर असे भेटले की त्यांचे उपकार मी आजही मानतो. फौजदार झालो, बढत्या मिळाल्या आणि शेवटची काही वर्षं उपायुक्तांच्या कार्यालयात गुन्हे विश्लेषणाचं काम माझ्याकडे आलं. ठाण्याठाण्यांत नोंद झालेला प्रत्येक गुन्हा कुठे घडला, कोणत्या वेळी, कोणत्या पद्धतीने, हे संगणकावरच्या नकाशात भरायचं. त्यात कुठे एकसारखेपणा दिसतो का ते पाहायचं, आणि गस्त कुठे वाढवायची ते सुचवायचं. तपास पथकातले लोक माझी भरपूर थट्टा करायचे. "आम्ही चोर धरतो, साहेब ठिपके धरतात," हे वाक्य मी चहाबरोबर रोज ऐकायचो. ती खोली, तो नकाशा आणि ती थट्टा, तिन्हींची आता फार आठवण येते.

तक्रार अशी होती. मुलुंडच्या एका टॉवरमध्ये राहणाऱ्या बाईंच्या कपाटातून सोन्याची एक पाटली नाहीशी झाली होती. जोडीतली एकच. दुसरी जागेवर, मंगळसूत्र जागेवर, सासूबाईंची बोरमाळ जागेवर. कपाटाचं कुलूप शाबूत, दाराला ओरखडासुद्धा नाही. अलीकडे घरी कोण कोण आलं होतं, असं ठाण्यात विचारल्यावर त्यांनी आठवून आठवून सांगितलं. गॅसवाला, कुरिअरवाला, झुरळांचं औषध मारणारे दोघं, आणि रोज येणाऱ्या कामवाल्या बाई. बाकी कोणी नाही.

त्यातच एक टीप आली. नाक्यावरचा पानटपरीवाला पथकाचा जुना खबरी. त्याने सांगितलं की त्या कामवाल्या बाई सराफाच्या दुकानात शिरताना त्याला दिसल्या, आणि एकदाच नव्हे. पथकाला एवढं पुरेसं होतं. बाई कामावर असतानाच त्यांना त्या घरातून ठाण्यात आणलं. सोसायटीने त्याच दिवशी गेटवरच्या ॲपमध्ये त्यांचं नाव बंद केलं. त्याच इमारतीत त्यांची आणखी काही कामं होती, तीही एका फटक्यात सुटली.

मी त्या ठाण्यात दुसऱ्याच कामासाठी गेलो होतो, पण चौकशी चालली होती म्हणून बसलो. विचारणाऱ्या महिला हवालदार मूळच्या सिंधुदुर्गाकडच्या, आवाज करडा, पण कुणाच्या अंगाला हात न लावणाऱ्या. त्यांनी विचारलं, सराफाकडे कशाला गेली होतीस? बाई म्हणाल्या की मंगळसूत्राचे मणी तुटले होते, एकदा ओवायला टाकायला गेले आणि एकदा आणायला. सराफाला विचारलं तर खरं निघालं. पथकाचे अधिकारी म्हणाले, सराफही सामील असेल. पथकाला एकदा माणूस मिळाला की त्याला सोडणं जड जातं. हे मी दोष म्हणून लिहीत नाही, तो कामाचा स्वभावच आहे.

इतक्या वर्षांत माझं एक निरीक्षण होतं. खोटं बोलणारा माणूस स्वतःबद्दल बोलतो. मी तिथे नव्हतो, मी घेतलं नाही, माझी बायको साक्षीला आहे. या बाई पुन्हा पुन्हा दुसरीकडेच वळत होत्या. त्या घरातली मुलगी त्यांनी पाळण्यात असल्यापासून सांभाळली होती, आणि ती आता नुकतीच शाळेत जायला लागली होती.

"माझं काय करायचं ते करा साहेब," त्या मला म्हणाल्या. "पण मला नेलं तेव्हा आमची छकुली दारात उभी होती. मावशीला कुठं नेतात म्हणून विचारलं तिनं. तर तिची आई म्हणाली, मावशीनं चोरी केली. लहान लेकरू आहे, ते आता तेच धरून मोठं व्हायचं."

मग त्यांनी हवालदार मॅडमना विचारलं, "आणि मला घ्यायचीच असती तर एक पाटली घेऊन मी काय केलं असतं? एका हातात घालून फिरले असते?"

मॅडम वहीत लिहीत राहिल्या. मला मात्र तो प्रश्न लागला. एकच का?

स्त्रीला सूर्यास्तानंतर ठाण्यात ठेवता येत नाही. त्यामुळे त्या बाईंना रोज सकाळी बोलवायचे आणि संध्याकाळी सोडायचे. त्या दिवसभर बाकावर बसून राहायच्या. ठाण्याचे वरिष्ठ निरीक्षक माझ्या ओळखीचे, तिरकस बोलणारे पण मनाने सरळ. मी शंका काढल्यावर म्हणाले, "अरे, सोसायटीचा सेक्रेटरी रोज येऊन माझ्या डोक्यावर बसतो. तुझ्या ठिपक्यांत काही असेल तर घेऊन ये ना. नाहीतर पुढच्या आठवड्यात मला अटक दाखवावी लागेल. मग ती बाई आणि तिचं नशीब."

मी संगणकाला बसलो. तोडफोड नाही, कपाटातून एकच दागिना, बाकी ऐवज शिल्लक. अशा पद्धतीचा गुन्हा दाखल झालेला कुठेच मिळेना. मग लक्षात आलं की एकच दागिना गेला तर माणूस आधी स्वतःवरच संशय घेतो. कुठे पडला असेल, लग्नात विसरला असेल. तो फिर्याद देत नाही, फार तर हरवल्याची नोंद करतो. हरवल्याच्या नोंदी आम्ही नकाशात भरतच नव्हतो. त्या उघडल्या तर अंधेरीत एक सापडली, घाटकोपरला एक, बोरिवलीत एक. कुठे एकच कुडी, कुठे एकच बांगडी. सगळ्या गेल्या वर्षभरातल्या.

हे ठिपके टाकून मी नकाशासमोर किती तरी वेळ बसलो. वेळ जुळेना, वार जुळेना, कामवाली जुळेना, दुरुस्तीवाला जुळेना. दोन ठिपके पश्चिम रेल्वेवर, दोन मध्य रेल्वेवर. ठिपके गप्प होते. शेवटी मी जे काम माझं नव्हतं ते केलं, आणि त्या त्या घरी जायचं ठरवलं. हवालदार मॅडम म्हणाल्या, "साहेब, माझी साप्ताहिक सुट्टी आहे, मी येते. ती बाई बाकावर बसते ना, तिच्याकडे बघवत नाही मला." त्या मदतीबद्दल मी त्यांचा कायम ऋणी आहे.

घाटकोपरला एक निवृत्त गृहस्थ आणि त्यांची पत्नी भेटली. मूळचे कोकणातले. घर चकचकीत, बाविसाव्या मजल्यावर. घरी कोण आलं होतं, या प्रश्नाला तेच उत्तर मिळालं. इथे कोण येतंय, साहेब? दार लावून बसायचं, लिफ्टमध्ये भेटलं कोणी तर हसायचं, संपलं. त्यांना करमत नव्हतं हे कळायला पोलीस असण्याची गरज नव्हती. मी शिरस्त्याप्रमाणे पुढचा प्रश्न विचारला, की गावाला जाता तेव्हा दागिने कुठे ठेवता? ते म्हणाले, आता बँकेत लॉकर आहे. मग आपणच हसून म्हणाले, "पूर्वी बरं होतं. चाळीत होतो तेव्हा काकूंकडे द्यायचो. त्यांची ट्रंक म्हणजे आमचं लॉकर."

चाळ कांजूरमार्गची, पुनर्विकासात पाडलेली. काकू कोपऱ्यावरच्या खोलीतल्या, मूलबाळ नसलेल्या. मे महिन्यात आणि गणपतीत सगळी चाळ गावाला जायची तेव्हा काकू एकट्या मागे राहायच्या, कारण त्यांना गावाला कोणी उरलं नव्हतं. प्रत्येक घरची पुरचुंडी त्यांच्या ट्रंकेत. परत आलं की स्वतःच्या दाराचं कुलूप काढायच्या आधी माणसं काकूंकडे जायची. तिथे चहा व्हायचा, गावच्या गप्पा व्हायच्या, काजूगर आणि आमसुलं त्यांच्या पदरात पडायची, आणि मग पुरचुंडी घेऊन घरी. हे सांगताना गृहस्थांचा आवाज मऊ झाला होता. मला माझं गाव आठवलं. पण तेव्हा एवढंच. एका जुन्या माणसाची एक आठवण, असं समजून मी उठलो.

बोरिवलीच्या घरी एक शिक्षिका होत्या. घरी कोणी आलं नाही, असंच त्यांनीही सांगितलं. दागिन्यांचा प्रश्न विचारल्यावर त्यांनी लॉकरचं नाव घेतलं आणि त्याही म्हणाल्या, पूर्वी काकूंकडे ठेवायचो. मी आणि हवालदार मॅडमनी एकमेकांकडे पाहिलं. मॅडमनी विचारलं, कांजूरच्या चाळीत होता का? हो, म्हणाल्या, तुम्हाला कसं माहीत?

"काकू अलीकडे येऊन गेल्या का?" मी विचारलं.

"येतात की. मसाला घेऊन येतात, एखादा दिवस राहतात."

"मग मघाशी घरी कोण आलं होतं विचारलं तेव्हा सांगितलं नाहीत."

त्या बाईंना माझा प्रश्नच कळेना. "अहो, काकू त्या. त्या काय आलेल्या असतात का?"

तिथेच खुर्चीत बसून मी अंधेरीच्या घरी फोन लावला. तेही त्याच चाळीतले. मुलुंडच्या फिर्यादी बाईंचं माहेर, तेही तीच चाळ. घटना जिथे घडल्या तिथे मी ठिपके टाकत होतो. ही माणसं पूर्वी जिथे राहत होती तिथे टाकले असते तर सगळे ठिपके एकावर एक पडले असते. कपाट न फुटण्याचं कारणही उलगडलं. या सगळ्या घरांत कपाटाची किल्ली अजून देव्हाऱ्याच्या मागेच असायची, चाळीतल्यासारखी. घरं बदलली, फर्निचर बदललं, किल्लीची जागा कोणी बदलली नव्हती.

मुलुंडच्या बाईंना हे सांगितलं तेव्हा त्या माझ्यावर जवळजवळ चिडल्या. काकूंच्या हातचं खाऊन मी मोठी झाले, म्हणाल्या, त्यांच्यावर संशय घेता? मी फक्त विचारलं की तुमच्या मुलीला जिने हातावर वाढवलं तिच्यावर तुम्ही किती वेळात संशय घेतला होता. त्यांनी आत जाऊन काकूंचा पत्ता लिहून आणला.

काकू दहिसरला नदीच्या बाजूला भाड्याच्या खोलीत राहत होत्या. चाळीच्या जागी व्हायची इमारत अजून अर्धवटच होती. आम्ही भर दुपारी गेलो, साध्या कपड्यांत. दार उघडंच होतं. पंच्याहत्तरीच्या आसपासची, ताठ कण्याची, स्वच्छ नऊवारीतली बाई. आम्ही कोण हे विचारायच्या आधी त्यांनी पाणी दिलं आणि जेवलात काय ते विचारलं. मी ओळख सांगितली आणि सरळच म्हणालो की मुलुंडची पाटली तुमच्याकडे आहे का.

काकू जराही दचकल्या नाहीत. खाटेखालून ट्रंक ओढली, वरची गोधडी काढली, आणि वेगवेगळ्या कापडात गाठ मारलेल्या पुरचुंड्या एकेक करून माझ्यासमोर ठेवल्या. ही घाटकोपरची, ही अंधेरीची, ही माझ्या मुलुंडच्या पोरीची. एकही वस्तू विकलेली नव्हती. त्यातल्या काही घरांनी तर अजून नोंदसुद्धा केली नव्हती.

"चोरलात काय वो काकू?" हवालदार मॅडमनी मालवणीतच विचारलं.

"मी चोरूक नाय गो," काकू म्हणाल्या. "मी ठेवलंय. माका वाटला, न्हेवक येतीत. कोण येवक नाय."

न्यायला येतील असं वाटलं होतं, आणि कोणीच आलं नाही. हे त्यांनी तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. नवीन घरात गेल्यावर सगळे यायचे कमी झाले, मग फोन करू लागले, मग काकूच जाऊ लागल्या. पण काकूंनी जाणं वेगळं आणि कोणी काकूंच्या दारात येणं वेगळं. त्यांच्या हिशेबाने दागिना दिसला नाही की माणसाला आपोआप काकूची ट्रंक आठवायला हवी होती. जोडीतला एकच घ्यायचा म्हणजे दुसरा पाहून आठवण होईल. वर्षभर त्या दार उघडं ठेवून बसल्या होत्या. तो एकच का, याचं उत्तर मला असं मिळालं, आणि ते मिळाल्यावर प्रथमच मला तपास लागल्याचा आनंद झाला नाही.

या पाटलीपायी एक बाई रोज ठाण्यात बसतेय, हे मी त्यांना सांगितलं. मुलुंडच्या घरी दार उघडणारी, चहा करून देणारी बाई. काकूंना ती चांगली आठवत होती. त्यांनी ट्रंकेची कडी लावली. मग उठल्या, ठेवणीतलं लुगडं नेसून आल्या आणि म्हणाल्या, चला, तिका सोडा आधी.

ठाण्यात काकूंनी बाकाजवळ जाऊन त्या बाईंपुढे हात जोडले. मला वाटलं होतं बाई भडकतील, किंवा वाकून नमस्कार करतील. दोन्ही झालं नाही. झाला प्रकार त्यांनी शांतपणे ऐकून घेतला आणि म्हणाल्या, "आजी, तुमच्याकडं माणसं यावीत म्हणून तुम्ही हे केलं. माझ्याकडं एक लेकरू येत होतं, ते गेलं." काकू तिथेच त्यांच्या शेजारी बाकावर बसल्या आणि संध्याकाळपर्यंत तिथून हलल्या नाहीत.

गुन्हा तो गुन्हाच. हेतू काहीही असो, दुसऱ्याची वस्तू न सांगता उचलली की चोरी होते, आणि दाखल झालेली फिर्याद मला पुसता येत नव्हती. काकूंचा जबाब झाला, मुद्देमाल जमा झाला, प्रकरण कोर्टात गेलं. फिर्यादी बाईंनी तडजोडीचा अर्ज दिला आणि कोर्टाने तो मान्य केला. त्या तारखेला कोर्टाच्या व्हरांड्यात मी पाहिलं, घाटकोपर, अंधेरी, बोरिवली, सगळीकडून चाळ आली होती. कोणी डबा आणला होता, कोणी काकूंसाठी उशी. एक जण दुसऱ्याला म्हणत होता, "काय रे, तू अजून जिवंत?" काकू मधोमध बसून प्रत्येकाच्या मुलांची चौकशी करत होत्या. आरोपीच्या तारखेला एवढं हसू मी नोकरीत दुसऱ्यांदा पाहिलं नाही.

कामवाल्या बाई त्या व्हरांड्यात नव्हत्या. त्यांचं नाव वगळल्याचा कागद घेऊन मीच त्यांच्या घरी गेलो होतो. त्यांनी कागद वाचला नाही. म्हणाल्या, "साहेब, हे तुम्ही त्या बिल्डिंगमध्ये जाऊन सांगा. आणि छकुलीला सांगा. कागद तिला काय कळणार?"

मी गणवेश घालून गेलो. मुद्दाम. गेटवर सेक्रेटरी, वॉचमन आणि खाली बसलेल्या चार माणसांसमोर मोठ्या आवाजात सांगितलं की त्या बाई निर्दोष आहेत आणि त्यांना इथून नेण्यात पोलिसांची चूक झाली. ॲपमधलं बंद केलेलं नाव माझ्या समोर सुरू करून घेतलं. मग वर गेलो. फिर्यादी बाई दारातच रडायला लागल्या. त्यांनी कितीदा फोन केले, माफी मागितली, पण मावशी यायला तयार नव्हत्या. त्यांना कांजूरमार्गला दुसरं काम मिळालं होतं.

मुलगी शाळेच्या कपड्यांत उभी होती. मी तिच्यासमोर खाली बसलो आणि म्हणालो की मावशींनी चोरी केली नव्हती, आमची चूक झाली. तिने सगळं नीट ऐकलं.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "मग ती उद्या येणार ना?"

विश्लेषणाच्या कामाने मला एक गोष्ट पक्की शिकवली. घरी कोण आलं होतं, हे विचारून पुरत नाही. ज्यांचं येणं आपण धरत नाही आणि ज्यांचं रोजचं येणं आपल्याला दिसेनासं होतं, त्यांच्याबद्दल वेगळं विचारावं लागतं. निवृत्त होण्याआधी नव्या अधिकाऱ्यांना मी हे शिकवलं आणि हरवल्याच्या नोंदी नकाशात भरायला लावल्या. ते काम आजही चालू आहे असं ऐकतो, आणि बरं वाटतं. त्या खोलीने मला खूप दिलं.

आता माझ्याही इमारतीत दुपारी सगळी दारं बंद असतात. लिफ्टची वाट पाहत उभा असलो की त्या मुलीचा प्रश्न कधी कधी पुन्हा ऐकू येतो. मी तिला खरं तेच सांगितलं, की उद्या नाही. त्यावर तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. ती दारात जाऊन उभी राहिली आणि लिफ्टच्या दिशेला बघत राहिली.